हवामानासाठी खर्च होणारा पैसा आणि पर्यावरणाचा कायदा
(सातपूर परिसराच्या अनुषंगाने)

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सातपूर हे एके काळी शेतीवर जगणारे खेडे होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ साली स्थापना झाल्यानंतर येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली, आणि १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर सातपूर शहराचाच एक भाग झाले. वरच्या अंगास गोदावरीवरील गंगापूर धरण आहे. जवळून नंदिनी ऊर्फ नासर्डी वाहते. आणि पश्चिमेस महिरावणी, बेळगाव ढगा यांसारखी गावे आजही द्राक्षे, टोमॅटो व भाजीपाला पिकवीत आहेत. थोडक्यात, शेत, कारखाना व शहर येथे एकमेकांस खेटून उभे आहेत. त्यामुळे हवामानबदलास तोंड देण्याच्या हेतूने जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्याचे बहुतेक सर्व प्रकार सातपूरपासून दोन-तीन कोसांच्या टापूत पाहावयास मिळतात. शेततळी, नालाखोलीकरण, धरणातील गाळ काढणे, वृक्षलागवड, सौर पंप आणि शहरातील हवा स्वच्छ करण्याची कामे, ही सर्व त्यातच येतात.

गावात योजना आली म्हणजे प्रथम विचारणा होते ती अनुदान किती व कधी मिळणार याची. ते स्वाभाविक आहे. परंतु त्याबरोबरच आणखी दोन प्रश्न विचारावयास हवेत. ज्या कारणासाठी पैसा मंजूर झाला त्याच कारणासाठी तो खर्ची पडत आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि काम चांगल्या हेतूने होत असले तरी ते पाणी, वने, वन्यजीव व भूजल यांविषयीच्या कायद्यांत बसते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न हिशेब तपासनीस विचारतो. दुसरा बहुधा कोणीच विचारीत नाही, आणि विहीर आटल्यावर मग तो आठवतो.

कायद्याचा पाया कोठे आहे

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य म्हणून अनुच्छेद ४८-क मध्ये, व नागरिकाचे कर्तव्य म्हणून अनुच्छेद ५१-क मध्ये घालण्यात आले. त्यापूर्वीच महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता, व त्याअन्वये १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले होते. पुढे केंद्राचे जल अधिनियम (१९७४), वन संवर्धन अधिनियम (१९८०), वायु अधिनियम (१९८१) व पर्यावरण संरक्षण अधिनियम (१९८६) आले. यांपैकी एकाही कायद्यात, सरकारी पैशाने केलेल्या कामास सूट आहे असे सरसकट म्हटलेले नाही. ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. काम शासनाचे आहे एवढ्यावरून ते कायदेशीर ठरत नाही.

हवामानकार्य व पर्यावरण-कायदा हे नेहमी एकाच दिशेने ओढतात, असाही समज करून घेऊ नये. याचे उत्तम उदाहरण म्हणजे माळढोक पक्ष्याचा खटला. राजस्थान व गुजरातच्या माळरानांवर सूर्यशक्तीची मोठमोठी केंद्रे उभी राहिली, आणि त्यांच्या वीजवाहक तारांवर आदळून हा दुर्मिळ पक्षी मरू लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विस्तीर्ण प्रदेशातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तोच आदेश सौम्य करून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निर्णयात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निघतो असे प्रथमच स्पष्ट केले. न्यायालयाने पक्षी हवा की वीज असा प्रश्न घातला नाही. दोन्ही जपण्याचा मार्ग तज्ज्ञांनी शोधावा असे सांगितले. गावच्या कामातही रीत हीच असावयास हवी.

शेततळे: पावसाचे की विहिरीचे?

नाशिक जिल्ह्यात या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे शेततळे होय. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली व तीत जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान ठेवण्यात आले. उद्देश स्वच्छ होता. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतातच अडवावे, आणि पावसाने ओढ दिल्यास एक-दोन संरक्षित पाणी देता यावे. कोरडवाहू पिकास याचा लाभ निश्चित होतो.

परंतु द्राक्ष व डाळिंबाच्या पट्ट्यांत पुष्कळ तळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर घालून ती विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्याने भरली जाऊ लागली. पावसाळ्याच्या शेवटी विहिरी तुडुंब असताना पंप लावून पाणी उपसावयाचे व उन्हाळ्यासाठी तळ्यात साठवावयाचे, अशी ही पद्धत आहे. ज्याच्या बागेत लाखो रुपये गुंतले आहेत त्या बागाईतदारास हे शहाणपणाचे वाटते, व त्यास एकदम दोष देता येणार नाही. तथापि हिशेब करून पाहावा.

वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल व बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लक्ष लिटर पाणी मावते. त्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास पहिल्या दिवशीच ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. तळे न उपसता दोन महिने तसेच ठेविल्यास चार लक्ष लिटरांहून अधिक, म्हणजे जवळपास एक पंचमांश पाणी उडून जाईल. हेच पाणी खडकातील भेगांत व मुरमात राहिले असते तर त्यास ऊन लागले नसते. शिवाय जमिनीखालचे पाणी एकट्याचे नसते. वरच्या आळीतील तीन शेतकऱ्यांनी ऑक्टोबरातच उपसा केला, तर खालच्या आळीतील विहिरींचे झरे फेब्रुवारीऐवजी डिसेंबरातच मंद होतात.

येथे कायद्याचा संबंध येतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला आहे. शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरी घेण्यावर या कायद्याने निर्बंध घातले आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत, परवानगीवाचून नवी विहीर घेता येत नाही. हा नियम १९९३ च्या जुन्या भूजल कायद्यापासून चालत आलेला आहे. म्हणजे असे की, एका खात्याचे अनुदान ज्या तळ्यास मिळते ते भरणारी कूपनलिका दुसऱ्या कायद्याने निषिद्ध असू शकते. अनुदानाच्या कागदावर तळ्याची लांबी-रुंदी लिहिलेली असते, पण पाणी कोठून येणार याचा रकाना बहुधा मोकळाच राहतो. तो रकाना कार्यकर्त्याने आग्रहाने भरून घ्यावा. पावसाचे पाणी ज्या ओघळीने तळ्यात उतरणार ती ओघळ जागेवर दिसली नाही, तर ते तळे केवळ टाकी आहे असे समजावे.

सौर पंपाचे तसेच आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. कोळशाची वीज वाचते, रात्रीचे पाणी देणे टळते, बिबट्याची व सर्पदंशाची भीती कमी होते. या गोष्टी मोठ्याच आहेत. मात्र वीजबिल नाही म्हणून दिवसभर पंप चालू राहिला, तर हवेसाठी खर्चलेला पैसा पाण्यास मारक ठरेल. सौर पंपाबरोबर ठिबक संच असणे म्हणूनच इष्ट आहे.

नाला किती खोल करावा

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. गावोगावी यंत्रे लागली, नाले रुंद व खोल झाले, आणि पहिल्या पावसात पाण्याने भरलेले लांबच लांब चर पाहून लोकांस समाधान वाटले. अनेक ठिकाणी खरोखरच लाभ झाला. परंतु भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या आपल्या अहवालात असे नमूद केले की, ९,६३३ कोटी ७५ लक्ष रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात व भूजलपातळी वाढविण्यात अभियानाचा परिणाम अल्पच झाला. नालाखोलीकरणाच्या अशास्त्रीय पद्धतीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयातही जनहित याचिका दाखल झाली, व त्यानंतर शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली. अभियानाचा दुसरा टप्पा पुढे हाती घेण्यात आला असल्यामुळे या अनुभवाचा उपयोग करून घेणे अगत्याचे आहे.

कारण समजून घेण्यासाठी जमिनीच्या पोटात पाहावे लागेल. नाशिकचा सर्व प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. वर मातीचा थर, त्याखाली मुरूम, आणि त्याखाली कठीण खडक अशी रचना असते. पाणी साठविण्याचे मुख्य काम मुरमाचा थर करतो. नाल्यातील साचलेला गाळ काढला तर पाणी मुरमात उतरते, आणि येथपर्यंत खोलीकरण हितकर आहे. परंतु यंत्र हाताशी आहे व घनमीटरावर पैसे मिळतात म्हणून मुरमाचा थरच फोडून खडकापर्यंत खोदले, तर काठच्या शेतांखाली साठलेले पाणी उलट नाल्यात झिरपून वाहू लागते. नाल्यात पाणी दिसते. काठच्या विहिरीतील पाणी मात्र उतरते. पाहणीस आलेल्या पाहुण्यास नाला दाखविला जातो, विहीर दाखविली जात नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम २० अन्वये न्यायाधिकरणाने तीन तत्त्वे लावावयाची असतात: शाश्वत विकास, पूर्वसावधगिरी आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई देणे. पूर्वसावधगिरीचा गावच्या भाषेत अर्थ असा की, खोदण्यापूर्वी थर पाहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेतल्याचा कागद कामाच्या फायलीत असला, तर पुढे वाद झाल्यास ग्रामपंचायतीची बाजू भक्कम राहते. आणि तो सल्ला ऐकला असेल तर बहुधा वाद होतच नाही.

गाळ, वाळू व मुरूम

धरणातील गाळ काढून शेतात पसरणे हे जुने व उपयुक्त काम आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत गाळ नेण्यास प्रोत्साहन आहे, परंतु गाळाच्या नावाखाली वाळू काढण्यास सक्त मनाई आहे. हा भेद ट्रॅक्टरचालकासही माहीत असावयास हवा, कारण दंड त्याच्या गाडीवर बसतो.

पर्यावरणविषयक पूर्वमंजुरीच्या बाबतीत केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेत २०१६ साली काही सवलती घालण्यात आल्या. सिंचनाची वा पिण्याच्या पाण्याची विहीर खोदणे, देखभालीसाठी धरण, बंधारा वा कालवा यांतील गाळ काढणे, आणि २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली गावतळ्याचा गाळ काढणे, यांस पूर्वमंजुरी लागणार नाही असे त्यात म्हटले होते. २०२० मध्ये त्यात आणखी एक सवलत आली: रस्त्यासारख्या लांबट कामांसाठी साधी माती कोठूनही काढण्यास मोकळीक मिळाली. ही सवलत सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द ठरविली. माळढोकाचा निर्णय ज्या दिवशी झाला तोच हा दिवस, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तात्पर्य, गावतळ्यातील गाळ व रस्त्याच्या भरावाची माती या दोहोंस एकच नियम लागू नाही. ठेकेदार जर ‘तळे खोल करून देतो’ असे सांगून टेकडीचा मुरूम रस्त्यावर नेत असेल, तर ते जलसंधारणाचे काम नव्हे.

गोदावरीच्या खालच्या अंगास निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. हे पक्षी अभयारण्य असून रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय. येथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम २९ लागू होते, व अभयारण्यात येणारे वा तेथून जाणारे पाणी वळविणे, अडविणे वा वाढविणे यांस मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. तेथील गाळाचे वा बंधाऱ्याचे काम गंगापूरच्या कामाप्रमाणे केवळ पाटबंधारे खात्याच्या पत्रावर सुरू करता येणार नाही.

झाडे लावणे व झाडे तोडणे

महाराष्ट्रात वनखात्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी व २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. त्यांपैकी किती जगली याविषयी पुढे विधिमंडळात वाद झाले. शेतकऱ्यास हा वाद नवा नाही. रोप लावणे म्हणजे बी पेरणे. पीक किती आले ते कापणीस कळते. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत झाडे मोजल्याखेरीज लागवडीच्या खर्चाचा खरा हिशेब होत नाही.

वनजमीन अन्य कामास दिली असता जो पैसा जमा होतो, त्याचा विनियोग प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम, २०१६ प्रमाणे व्हावयाचा असतो. या निधीतून काय करावे व काय करू नये हे २०१८ च्या नियमांत सांगितले आहे. तरीसुद्धा उत्तराखंडात या निधीतून शीतकपाटे व भारी किमतीचे मोबाईल फोन घेतल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२५ मध्ये मांडलेल्या अहवालात उघड झाले. हा पैसा झाडांचा होता.

शहरी भागात १९७५ चा वृक्ष अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांस वारसावृक्ष मानले जाते, व झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सुमारे १८०० झाडे काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नागरिकांनी मोठ्या संख्येने हरकती घेतल्या व प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेले. हजारो नवी रोपे आणण्याचे आश्वासन देण्यात आले होते. परंतु चाळीस वर्षांच्या वडाची सावली रोपाने भरून निघत नाही हे कोणाही गुराख्यास ठाऊक आहे.

नासर्डीचे पाणी, सातपूरची हवा

आता सातपूरच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांपैकी ५३ पट्टे महाराष्ट्रात होते, आणि गोदावरीचा पट्टा सोमेश्वरपासून धरून पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात घालण्यात आला होता. सोमेश्वर सातपूरपासून हाकेच्या अंतरावर आहे. सातपूर व अंबड वसाहतींजवळून वाहणारी नासर्डी आगरटाकळीपाशी गोदावरीस मिळते, आणि तेच पाणी पुढे निफाडच्या शेतांकडे जाते.

नदी स्वच्छ करण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे आवश्यकच आहे, परंतु त्याची मर्यादा ओळखावयास हवी. घरगुती सांडपाणी शुद्ध करणे हे नगरपालिकेचे काम आहे. कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणे हे कारखान्याचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी असा आदेश दिला की, प्राथमिक शुद्धीकरण यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालू ठेवता येणार नाही. शासनाने नदीकाठी शुद्धीकरण केंद्र बांधले म्हणून आपली जबाबदारी संपली, असे कोणा कारखानदारास म्हणता येत नाही. उलट तसे घडले तर करदात्याचा, म्हणजे अंशतः शेतकऱ्याचाच पैसा दुसऱ्याची घाण धुण्यास जातो.

हवेच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे दिसते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात नाशिकचा समावेश झाला, आणि दशलक्षाहून अधिक वस्तीचे शहर म्हणून पंधराव्या वित्त आयोगाच्या हवाविषयक अनुदानासही ते पात्र ठरले. दिल्ली येथील विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये देशभरातील या खर्चाची छाननी केली. त्यात ६४ टक्के पैसा रस्त्यावरील धूळ कमी करण्यावर, आणि उद्योगांच्या प्रदूषणावर केवळ ०.६१ टक्के खर्च झाल्याचे आढळले. रस्ते झाडणे व फरसबंदी करणे सोपे आहे. त्याचे बिल लवकर निघते व छायाचित्रही चांगले येते. १९८१ च्या वायु अधिनियमाचा रोख मात्र धुराड्यांवर आहे. जेथे कायद्याने दुसऱ्यास खर्च करावयास लावता येतो तेथे कायदा वापरावा, आणि सार्वजनिक पैसा जेथे कोणा एकास जबाबदार धरता येत नाही तेथे घालावा. काडीकचरा व पाचट जाळण्याऐवजी त्याचे खत करण्यास शेतकऱ्यास मदत देणे, हा अशा खर्चाचा योग्य प्रकार होय.

नोंद व तक्रार

गावातील कामाचा अंदाजपत्रकीय तपशील, मंजुरीचा आदेश व मोजमापाची नोंदवही माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून मागता येते. उत्तर ३० दिवसांत मिळावयास पाहिजे. प्रथम ग्रामसभेत विचारावे, मग तालुका कृषी अधिकारी वा गटविकास अधिकारी यांस लेखी कळवावे. सांडपाण्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयाकडे करावयाची असते. पाणी गढूळ वा दुर्गंधीयुक्त दिसताच तारीख, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे, कारण चार दिवसांनी अधिकारी आले असता पाणी निवळलेले असते.

याने काम न भागल्यास हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे जाता येते. नुकसानभरपाई मागावयाची नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे. मात्र वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, व सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. भरपाईच्या दाव्यास पाच वर्षांची मुदत आहे. नाला डिसेंबरात खोदला व विहीर मे महिन्यात आटली, तर सहा महिने कधीपासून धरावयाचे यावरच वाद होतो, आणि अशा वेळी जुनी मोजमापे नसली तर शेतकऱ्याचे म्हणणे कोणी मानीत नाही. यास्तव नाल्याचे काम सुरू होण्यापूर्वीच काठच्या दोन व दूरची एक अशा तीन विहिरी निवडाव्यात. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत, सकाळी पंप सुरू होण्याआधी, काठावरील एकाच पक्क्या खुणेपासून दोरीने पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि ते मीटर-सेंटीमीटरांत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ठेवावे.